ज्ञाताकडून अज्ञाताकडे

प्राथमिक शिक्षकाच्या आयुष्यांत पाठाच्या टांचणाची वही ही जन्माची सोबतीण असते. अध्यापनाचा अभ्यासक्रम सुरू होतो तोंच ती त्याच्या हातीं येते, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्याची पाठ सोडीत नाहीं. या वहींत प्रत्येक पाठाच्या आरंभीं कांहीं रकाने भरावे लागतात. विषय कोणता, घटक कोणता, साहित्य काय लागेल, हे रकाने झाले म्हणजे एक लहानसा रकाना येतो. त्याचें नांव 'पूर्वज्ञान'. आज जें शिकवावयाचें त्यासंबंधीं मुलाला आधींपासून काय ठाऊक आहे, याची नोंद शिक्षकानें तेथें करावयाची असते. अपूर्णांक शिकवावयाचे असतील तर भाकरीचे चार सारखे वांटे मुलानें पाहिलेले आहेत; बाष्पीभवन शिकवावयाचें असेल तर दोरीवर घातलेलें ओलें लुगडें दुपारपर्यंत वाळतें हें त्याला माहीत आहे; अशा स्वरूपाची ती नोंद.

रकाना लहान खरा, पण त्याच्या पाठीशीं एक मोठा विचार उभा आहे. योहान फ्रीड्रिख हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्ववेत्त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, नवी कल्पना मनांत येते ती कांहीं रिकाम्या खोलींत येत नाहीं. तेथें आधींच राहात असलेल्या कल्पना तिला आपल्यांत सामावून घेतात, तेव्हांच ती तेथें टिकते. त्याच्या अनुयायांनीं या विचाराच्या पायऱ्या पाडल्या, आणि आमच्याकडील अध्यापन-विद्यालयांत त्या 'हर्बार्टची पंचपदी' या नांवानें पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेल्या. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हें सूत्र तर प्रत्येक मास्तराच्या जिभेवर असतें.

आज मला विचारावयाचें आहे तें इतकेंच कीं, हें सूत्र शाळेच्या उंबरठ्यावरच कां थांबावें? मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, कॉलेजांत गेला, म्हणजे त्याच्या मनाची घडण बदलते काय?

आपण म्हणाल, हा मनुष्य स्वतः मॅट्रिक. कॉलेजच्या अध्यापनाविषयीं बोलण्याचा याला अधिकार काय? प्रश्न रास्त आहे. कॉलेजच्या वर्गांत बसण्याचा योग मला आला नाहीं. परंतु तेथें जें मूल जाऊन बसतें, तें आमच्या हाताखालून गेलेलें असतें. रोप एका जागेंतून काढून दुसऱ्या जागीं लावतांना जाणता माळी मुळांभोंवतीची माती झटकून टाकीत नाहीं. रोप ज्यानें वाढविलें, त्यानें त्या मातीची चौकशी केली तर तो अधिकारातिक्रम समजूं नये, एवढीच माझी विनंती आहे.

आमचें कल्याण हें जुनें बंदर आणि रेल्वेचें मोठें जंक्शन. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत आली. येथून एक फांटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो. त्यामुळें १९७२ सालीं येथें बिर्ला कॉलेज निघालें तेव्हांपासून शहापूर, आसनगांव, वांगणी, बदलापूर या बाजूंचीं मुलें लोकलनें आणि मुरबाडकडील मुलें एस्‌. टी.नें कल्याणास शिकावयास येत आलेलीं आहेत. पुढें कॉलेजांची संख्याही वाढली. यांतील पुष्कळ मुलें मराठी शाळांतून आलेलीं. कित्येक तर आपल्या घराण्यांतून कॉलेजांत जाणारीं पहिलींच. दहावीला उत्तम गुण मिळविलेलें असें मूल पहिल्या सहामाहीनंतर माझ्या ओटीवर येऊन बसतें आणि म्हणतें, "गुरुजी, मला कांहींच येत नाहीं." हें वाक्य मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याचा विचार करणें मला भाग पडलें.

त्या मुलाला खरोखरच कांहीं येत नसतें काय? मी त्याला विचारतों, "आज काय शिकविलें?" तो म्हणतो, "डेन्सिटी." मी विचारतों, "लांकूड पाण्यावर तरंगतें आणि खिळा बुडतो, तो कां?" तो चटकन् सांगतो, "लोखंडाची घनता जास्त." म्हणजे वस्तु त्याच्या घरांत आहे, फक्त तिला दुसऱ्या नांवानें हांक मारली गेली, आणि ती आपलीच आहे हें त्याला ओळखूं आलें नाहीं. कॉलेजच्या आरंभींच्या महिन्यांत जें नवें म्हणून पुढें येतें, त्यांतील बराच भाग असा जुनाच पाहुणा नव्या अंगरख्यांत आलेला असतो. त्याची ओळख पटवून देण्यास पांच मिनिटें पुरतात. तीं पांच मिनिटें कोणी दिलीं नाहींत, तर मूल वर्षभर त्याला परका समजतें आणि पाठ करून दाराबाहेर घालवितें.

आतां या गोष्टीला शास्त्राचा आधार काय, तें पाहूं. १९३२ सालीं केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यानें स्मरणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें आपल्याकडील सुशिक्षित वाचकांना उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक कथा वाचावयास दिली आणि कांहीं काळानें ती आठवून लिहावयास सांगितली. लोकांनीं ती लिहिली, पण आपल्या परिचयाच्या वळणावर नेऊन लिहिली. कथेंतील कॅनोची साधी बोट झाली. सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. म्हणजे जें ऐकलें तें जसेंच्या तसें मनांत ठेवलें जात नाहीं. आधींच्या सांच्यांत तें ओतलें जातें.

दुसरा प्रयोग १९७२ सालचा, ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांचा. त्यांनीं एक उतारा ऐकविला. त्यांत वस्तूंचे निरनिराळे ढीग करावे, एका वेळीं फार घेऊं नये, काम झाल्यावर पुन्हां जागच्या जागीं ठेवावें, अशा सूचना होत्या. शब्द सारे सोपे, वाक्यें सारीं सरळ. तरीही ऐकणारांना त्याचा कांहीं बोध होईना. कांहीं जणांना मात्र आधींच सांगितलें होतें कीं, हा उतारा कपडे धुण्याविषयीं आहे. त्यांना तो समजलाही आणि कितीतरी अधिक आठवलाही. विशेष हें कीं, ज्यांना तो विषय उतारा संपल्यावर सांगितला, त्यांना त्याचा उपयोग झाला नाहीं. कपडे धुणें कोणास ठाऊक नव्हतें? सर्वांना ठाऊक होतें. पण ज्ञान जवळ असणें निराळें आणि योग्य वेळीं तें जागें होणें निराळें. प्राध्यापकांनीं आणि विद्यार्थ्यांनींही ही गोष्ट मनांत जपून ठेवावी. झोपलेल्या ज्ञानाचा उपयोग नाहीं. व्याख्यान संपल्यावर तें जागें करणें म्हणजे वरात गेल्यावर वाजंत्री बोलावणें होय.

तिसरा दाखला बुद्धिबळाचा. १९७३ सालीं चेस आणि सायमन या संशोधकांनीं खऱ्या डावांतील पटाची मांडणी केवळ पांच सेकंद दाखविली. निष्णात खेळाडूनें त्यांतील बहुतेक मोहरीं पुन्हां जागच्या जागीं मांडलीं. नवशिक्याला थोडींच मांडतां आलीं. कोणी म्हणेल, निष्णाताची स्मरणशक्तिच दांडगी. पण मोहरीं वाटेल तशीं विखरून दाखविलीं तेव्हां निष्णाताचें तें वर्चस्व नाहींसें झालें. याचा अर्थ काय? त्याला सुटीं मोहरीं दिसत नव्हतीं. ओळखीच्या मांडण्या दिसत होत्या. ज्या विषयांत आपलें पूर्वज्ञान असतें, तेथें आपण सुटे दाणे वेंचीत नाहीं, मूठच्या मूठ उचलतों. 'अमुक मुलगा मंद आहे' असा शिक्का मारण्यापूर्वीं, तो दाणे वेंचतो आहे कीं मूठ उचलतो आहे, हें पाहणें न्यायाचें ठरेल. डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञानें १९६८ सालच्या आपल्या ग्रंथांत तर असा निष्कर्ष मांडला कीं, शिकण्यावर परिणाम करणाऱ्या सर्व गोष्टींत विद्यार्थ्याला आधीं काय ठाऊक आहे ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची; ती हुडकून काढावी आणि तदनुसार शिकवावें. आमच्या टांचणांतील त्या लहान रकान्याचेंच हें मोठें रूप होय.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. पूर्वज्ञान हा मित्र आहे, तसाच तो फसविणाराही आहे. १९८७ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशीं नुकत्याच पदवीधर झालेल्या तरुणांना विचारण्यांत आलें कीं, उन्हाळा आणि हिंवाळा कशामुळें होतात? बहुतेकांनीं आत्मविश्वासानें उत्तर दिलें, पृथ्वी सूर्याजवळ गेली म्हणजे उन्हाळा, दूर गेली म्हणजे हिंवाळा. उत्तर साफ चूक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असते ती जानेवारीच्या आरंभीं, म्हणजे आपण शेकोटीपाशीं बसतों त्या दिवसांत. ऋतु होतात ते पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे म्हणून. मग एवढ्या शिकलेल्या तरुणांनीं चूक कां केली? लहानपणीं चुलीजवळ गेलें कीं ऊब लागते हें त्यांनीं अनुभविलें होतें. तें ज्ञान खोटें नव्हतें. भलत्या ठिकाणीं लागू केलें गेलें. वर्षानुवर्षें खऱ्या कारणाची व्याख्यानें त्याच्या वरून वाहून गेलीं, कारण तळाशीं बसलेली ती चूल कोणी उकरून बाहेर काढली नाहीं. शेतांतील जुनें खोड न काढतां वरून बी पेरलें, तर पहिल्या पावसाबरोबर खोडालाच धुमारे फुटावयाचे.

या दोन्ही बाजू एकाच उदाहरणांत दाखवितों. माझा एक जुना विद्यार्थी कॉमर्सच्या पहिल्या वर्षांत होता. वडिलांचें किराणा मालाचें दुकान. लहानपणापासून हा मुलगा संध्याकाळीं रोजकीर्द लिहीत आलेला. असें असूनही हिशेबाच्या विषयांत त्याला गति मिळेना, आणि कॉलेज सोडून दुकानींच बसावें अशी घरांत भाषा सुरू झाली. मीं त्याला वडिलांची खतावणी आणि कॉलेजचें पुस्तक अशीं दोन्ही शेजारीं शेजारीं मांडावयास लावलीं. डेबिट म्हणजे नांवें, क्रेडिट म्हणजे जमा, लेजर म्हणजे खतावणी. उधारी नेणाऱ्याच्या खात्यावर रक्कम नांवें पडते, त्यानें पैसे आणून दिले कीं जमा होते. एवढें होतांच त्याचा चेहरा खुलला. पण मग अडचण कोठें होती? अडचण होती बाजूंची. आपल्या देशी खतावणींत डावें अंग जमेचें आणि उजवें नांवेचें. इंग्रजी पद्धतीच्या खतावणींत डावें अंग नांवेचें आणि उजवें जमेचें. हाताला जी संवय जडली होती, तीच त्याला प्रत्येक उदाहरणांत पाडीत होती; आणि आपण कां पडतों हें त्याला कळत नव्हतें, कारण कॉलेजांत त्याच्या वडिलांच्या वहीची चौकशी कोणीं केली नव्हती आणि घरांत त्याच्या पुस्तकाची. तत्त्व तेंच, मांडणी उलट, हें एकदां स्पष्ट झाल्यावर त्याला दुकानींच बसविण्याची भाषा बंद झाली.

असाच घोंटाळा बँकेच्या पासबुकावरून होतो. आपण पैसे भरले कीं पासबुकांत क्रेडिट लिहिलेलें दिसतें. आणि पुस्तकांत शिकवितात कीं रोकड आली म्हणजे डेबिट. मूल गोंधळतें. तें पासबुक बँकेच्या बाजूनें लिहिलेलें आहे, आपला पैसा हें बँकेचें देणें आहे, एवढा एक खुलासा केला कीं गोंधळ मिटतो. पण खुलासा करावयाचा तर गोंधळ आहे हें आधीं कळलें पाहिजे, आणि तें विचारल्यावांचून कळत नाहीं.

आपल्या मुलांजवळ पूर्वज्ञानाचा सांठा केवढा असतो याची आपल्याला कल्पना नसते. रोज कल्याणहून लोकलनें जाणाऱ्या मुलाला सापेक्ष वेग शिकवावा लागतो काय? शेजारच्या रुळावरील गाडी सुटली कीं आपलीच गाडी सुटली असा भास त्याला शेंकडों वेळां झालेला असतो. तो भास फळ्यावर मांडून दाखवावा, आणि मग सूत्र लिहावें. उताराचें गणित शिकवितांना खंडाळ्याचा घांट घ्यावा. बोरघांटांतील रेल्वे १८६३ सालीं आणि थळघांटांतील १८६५ सालीं सुरू झाली. दोन्ही घांटांत अधिकांत अधिक चढ ३७ स १ असा आहे, म्हणजे ३७ फूट पुढें गेल्यास १ फूट वर. मुलांना हा कोन अंदाजानें काढावयास सांगा. वीस-पंचवीस अंशांचा काढतील. प्रत्यक्षांत तो दीड अंशाहून किंचित् अधिक भरतो. एवढ्याशा कोनासाठीं कर्जतला आणि कसाऱ्याला गाड्यांना जादा एंजिनें जोडावी लागत आलीं! हें ऐकल्यावर उतार, कोन, घर्षण आणि बल हे चारही विषय एका ठिकाणीं येऊन बसतात, आणि जन्मभर उठत नाहींत.

खाडीकांठच्या कोळ्याचें मूल भूगोलाच्या वर्गांत भरती-ओहोटी शिकतें तेव्हां त्याला वही उघडावयास सांगण्यापूर्वीं बोलावयास सांगावें. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीचा भांग त्याला घरींच ठाऊक असतो. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा आडाखा फळ्यावर लिहून प्राध्यापकांनीं विचारावें, "हा पाऊण तास आला कोठून?" चंद्र रोज सरासरी सुमारें ५० मिनिटें उशिरा उगवतो, त्यामुळें भरतीही दररोज तितकीच पुढें सरकते, आजोबांच्या आडाख्यांतील पाऊण तास तो हाच. आडाखा स्थूल आहे, शास्त्र सूक्ष्म आहे. पण दोघांचें गोत्र एक. असें झालें म्हणजे त्या मुलाला शास्त्र परकें वाटत नाहीं, आणि आपलें घरही अडाणी वाटत नाहीं. मला वाटतें, या दुसऱ्या गोष्टीचें मोल पहिलीहून कमी नाहीं. शिकून आलेला मुलगा आजोबांस अडाणी समजूं लागला, तर त्या शिक्षणानें एक हातानें दिलें आणि दुसऱ्या हातानें नेलें असें म्हणावें लागेल.

आपल्या जिल्ह्याला हा मार्ग नवा नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिलें; पुढें अनुताई वाघ यांच्या सोबतीनें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर बहरलें. तो भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. वारली मुलें शाळेंत येत नाहींत, गुरांमागें जातात, तेव्हां या बायांनीं शाळाच कुरणांत नेली; तिला कुरणशाळा म्हणत. बिया, पानें, शिंपले हेंच तेथील साहित्य. मुलाला जें ओळखीचें, तेथून आरंभ. बालवाडीला जें साधलें, तें कॉलेजला असाध्य असण्याचें कारण नाहीं.

आणि कॉलेजचाच दाखला हवा असेल तर तो आमच्या कल्याणांतच आहे. कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी, यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं मातृत्व, आणि तें मूल दहा दिवसांत गेलें. वैद्यकीय मदतीवांचून स्त्रियांची काय दशा होते, हें त्या पुस्तकांतून शिकल्या नव्हत्या. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या. भाषा परकी, हवा परकी, विद्या परकी. अशा वेळीं पदवीच्या प्रबंधासाठीं त्यांनीं विषय कोणता निवडला? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या देशांतील जुन्या ग्रंथांत जें होतें तें त्यांनीं नव्या विद्येच्या दारीं नेलें, आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्या डॉक्टर झाल्या. पुढल्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, त्यांचें निधन झालें. त्या मुलीनें कॉलेजांत शिरतांना आपलें पूर्वायुष्य दाराबाहेर ठेवलें नाहीं. तेंच तिचें भांडवल झालें. आजच्या विद्यार्थिनीला मात्र आपलें सर्व भांडवल फाटकापाशीं उतरवून ठेवावें असें कां वाटावें?

आतां उपाय सांगतों. ते खर्चाचे नाहींत.

प्राध्यापकांना माझी पहिली विनंती अशी कीं, नव्या प्रकरणाच्या आरंभीं मुलांकडून एका चिठोऱ्यावर दोन-चार ओळी लिहून घ्याव्या: या विषयाबद्दल तुम्हांला काय वाटतें, काय आठवतें. नांव नको, गुण नकोत. शंभर चिठ्ठ्यांतील वीस चाळल्या तरी वर्ग कोठें उभा आहे तें कळेल. दुसरी विनंती, प्रयोग करून दाखविण्यापूर्वीं काय घडेल तें मुलांना सांगावयास लावावें. अंदाज चुकला तर चूक उघडी पडते, बरोबर आला तर आत्मविश्वास येतो, दोन्ही लाभच. तिसरी, उपमा दिल्यावर ती कोठपर्यंत चालते आणि कोठें मोडते हेंही सांगावें. विजेचा प्रवाह पाण्याच्या प्रवाहासारखा, हें ठीक; पण नळ फुटला तर पाणी बाहेर सांडतें, तार तुटली तर वीज तशी सांडत नाहीं, हें सांगितलें नाहीं तर उपमेचाच अडसर होतो. चौथी, पारिभाषिक शब्द प्रथम आला कीं त्याचा मराठी जोडीदार एकदां उच्चारावा. एक शब्द उच्चारण्यास एक क्षण लागतो. त्या क्षणांत दहा वर्षांचें शिक्षण जागें होतें.

विद्यार्थ्यांनाही चार शब्द. दहावी झाली कीं जुनीं पुस्तकें रद्दींत घालूं नका. बालभारतीचें विज्ञानाचें तेंच पुस्तक मराठींत आणि इंग्रजींत, दोन्ही भाषांत निघतें. दोन्ही शेजारीं ठेवा आणि एका वहींत दोन रकाने आंखून शब्दांच्या जोड्या लिहा. महिनाभरांत तुमच्याजवळ स्वतःचा कोश तयार होईल. अधिक हवें असेल तर मराठी विश्वकोश आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. ते आतां घरबसल्याही पाहतां येतात. व्याख्यानाला जाण्यापूर्वीं पुस्तक मिटून पांच मिनिटें बसा आणि त्या विषयासंबंधीं आपल्याला काय ठाऊक आहे तें अर्ध्या पानावर उतरवा. चुकलें तरी उतरवा. व्याख्यानानंतर तें पान पुन्हां काढा. काय टिकलें, काय खोडावें लागलें, तें पाहा. जें खोडावें लागलें तेंच त्या दिवशींचें खरें शिक्षण. आणि आठवड्यांतून एकदां घरांतील एखाद्या वडील माणसाला आपला विषय सोप्या मराठींत सांगून पाहा. जेथें अडखळाल तेथें समज अपुरी आहे असें समजावें.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. प्राध्यापक म्हणतील, अभ्यासक्रम मोठा, वर्ग मोठा, वेळ थोडा. यांत मुलांचें पूर्वज्ञान विचारीत बसावें केव्हां? अडचण खरी आहे. मी ती हलकी लेखीत नाहीं. परंतु अभ्यासक्रम पुरा झाला याचा अर्थ तो प्राध्यापकांच्या वहींत पुरा झाला कीं मुलांच्या डोक्यांत, हा प्रश्न उरतोच. पायाशीं न सांधतां वर चढविलेली भिंत लवकर उभी राहते खरी. पण पहिल्याच पावसाळ्यांत ती पुन्हां बांधण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो? जो मुलगा दोनदां नापास होऊन शिक्षण सोडतो, त्याच्या बापाच्या अंगावर. आणि तो बाप पुष्कळदां असा असतो कीं, पहाटेची लोकल पकडून त्यानें त्या फीचे पैसे जमविलेले असतात.

दुसरा आक्षेप असा कीं, एखाद्या विषयाचें पूर्वज्ञान मुलाजवळ मुळींच नसेल तर? तर तें प्रथम निर्माण करावें. ज्यानें सूक्ष्मदर्शकांतून कांद्याचा पापुद्रा कधीं पाहिला नाहीं, त्याच्यापुढें पेशींचें तासभर वर्णन करण्यापूर्वीं त्याला तो पापुद्रा दाखवावा. आधीं दर्शन, मग वर्णन. पाहिलेल्या त्या पापुद्र्याचेंच उद्यां पूर्वज्ञान होतें.

श्रोतेहो, येत्या जून महिन्यांत पुन्हां नवीं मुलें कॉलेजांच्या पायऱ्या चढतील. त्यांच्यांत शेतकऱ्याचा मुलगा असेल, त्यानें पावसाचा अंदाज बांधलेला असेल. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी असेल, तिनें कापडावर भूमिति आंखलेली असेल. रेल्वेंतल्या फिटरचा मुलगा असेल, त्यानें वडिलांच्या तोंडून ब्रेकची आणि चाकांची भाषा ऐकलेली असेल. त्यांचें हें ज्ञान प्रवेशाच्या अर्जांत लिहावयास जागा नसते. तें विचारणारा एक तरी प्राध्यापक त्यांना पहिल्या आठवड्यांत भेटला, तर "मला कांहींच येत नाहीं" हें वाक्य घेऊन आमच्या ओटीवर येणाऱ्या मुलांची संख्या कमी होईल. त्यांनीं खुशाल यावें, पण दुसरें कांहीं सांगावयास यावें, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.